विश्लेषण : ‘ना. म. जोशी मार्ग’ सगळ्यांना माहीत, पण हे जोशी कोण? जागतिक टेबलावरच्या तिसऱ्या खुर्चीची गोष्ट

लोअर परळला ऑफिस असलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हा पत्ता कधी ना कधी येतो. टॅक्सी बुक करताना, जेवण मागवताना किंवा बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची बातमी वाचताना. जुनी माणसे अजूनही ‘डिलाइल रोड’ म्हणतात, नकाशावर मात्र ना. म. जोशी मार्ग असे नाव दिसते. हे नाव ज्यांचे आहे ते नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. सरकार, उद्योजक आणि कामगार यांनी एकत्र बसून जगासाठी नियम ठरवायचे, हा प्रयोग तिथे पहिल्यांदा होत होता.

‘सरकार, उद्योग आणि समाज यांची भागीदारी’ हा शब्दप्रयोग आज प्रत्येक जागतिक परिषदेत ऐकू येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी शेवटचे उद्दिष्ट हेच आहे. पण अशा भागीदारीत समाजाच्या वतीने कोण बोलणार आणि त्याला तो अधिकार कोणी दिला, हा प्रश्न १०० वर्षांपूर्वीही होता. जोशींचे आयुष्य याच प्रश्नाभोवती गेले.

कोण होते ना. म. जोशी?

जन्म ५ जून १८७९, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. हे मुंबईचे उपनगर नव्हे, माणगाव तालुक्यातील गोरेगाव. शिक्षण पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेजमध्ये झाले. १९०१ मध्ये पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी शाळांमध्ये शिकवले.

१९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तुटपुंज्या मानधनावर पूर्णवेळ सार्वजनिक काम, अशी या संस्थेची पद्धत होती. जोशींच्या वाट्याला मुंबई आली. शहरात तेव्हा एक लाखाहून अधिक गिरणी कामगार होते. त्यात कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. परळ, लालबाग, डिलाइल रोड, वरळी या पट्ट्यात चाळीतल्या एकेका खोलीत कितीतरी जण राहत.

१९११ मध्ये जोशींनी ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतसंस्था अशी लीगची कामे होती. सहकारी पतसंस्था का? कारण गावाहून आलेला कामगार पहिला पगार हाती येईपर्यंत उसनवारीवर जगत असे आणि पठाणी व्याजाच्या फासातून सुटणे अवघड असे. परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगचे. कामगार रंगभूमीचे हे घर अलीकडे पुनर्विकासाच्या वादामुळे बातम्यांत आले होते.

मग गिरणीमालक यात कुठे होते?

टाटा सन्स आणि करीमभाई इब्राहिम या दोन मोठ्या गिरणी समूहांनी आपल्या कामगारांसाठीची कल्याण केंद्रे चालवण्याचे काम सोशल सर्व्हिस लीगकडे सोपवले होते. पैसा कंपनीचा, माणसे आणि विश्वास संस्थेचा. आजच्या भाषेत सांगायचे तर सीएसआरचा हा जुना नमुना होता.

याचा फायदा खरा होता. पण मर्यादाही स्पष्ट होती. वाचनालय मालकाच्या मर्जीने उघडता येते, पण १२ तास गिरणीत उभा राहिलेला माणूस त्या वाचनालयात बसणार कधी? १९११ च्या कारखाना कायद्यानुसार कापड गिरणीत प्रौढ पुरुषाकडून दिवसाला १२ तास काम करून घेता येत होते. नऊ वर्षांची मुले अर्धवेळ कामावर ठेवता येत होती. हे तास देणगीने कमी होणार नव्हते. त्यासाठी कायदा हवा होता, आणि कायद्यासाठी दबाव.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काय घडले?

पहिले महायुद्ध संपले होते. रशियात क्रांती झाली होती आणि युरोपातील सरकारांना आपल्याकडच्या कामगारांच्या असंतोषाची धास्ती होती. व्हर्सायच्या तहाचा १३ वा भाग याच पार्श्वभूमीवर लिहिला गेला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ जन्माला आली. भारत पारतंत्र्यात असूनही या तहावर सही करणारा देश असल्याने तिचा संस्थापक सदस्य झाला.

आयएलओची रचना त्या काळात अनोखी होती. प्रत्येक देशातून चार प्रतिनिधी. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. प्रत्येकाचे मत स्वतंत्र. म्हणजे कामगार प्रतिनिधी आपल्याच देशाच्या सरकारविरोधात मत देऊ शकतो. करार मंजूर व्हायला दोनतृतीयांश मते लागतात. एकट्या सरकारांच्या मतांवर तो मंजूर होत नाही, मालक किंवा कामगार यांच्यापैकी काहींना सोबत घ्यावेच लागते. ही पद्धत आजही तशीच आहे.

पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. भारत सरकारतर्फे लुई केरशॉ आणि अतुल चटर्जी, मालकांतर्फे कोलकात्याच्या ज्यूट उद्योगातील अलेक्झांडर मरे आणि कामगारांतर्फे ना. म. जोशी. तेव्हा जोशी ४० वर्षांचे होते.

परिषदेने सहा करार केले. पहिलाच करार कामाच्या तासांचा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. मात्र सगळ्या देशांना एकच मोजपट्टी लागली नाही. जपानसाठी सर्वसाधारण मर्यादा ५७ तासांची ठरली आणि ब्रिटिश भारतासाठी ६० तासांची. बालकामगारांच्या करारातही इतर देशांसाठी किमान वय १४ आणि भारतासाठी १२ ठेवण्यात आले.

भारताला वेगळी मोजपट्टी का?

मालकांचा युक्तिवाद हवामानाचा, कामाच्या संथ गतीचा आणि स्पर्धेचा होता. त्यात एक राजकीय गुंताही होता. भारतात कामाचे तास कमी झाले तर मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरण्यांना फायदा होईल, म्हणून ब्रिटन भारतावर कामगार कायदे लादतो, असा संशय मुंबईच्या गिरणीमालकांना पूर्वीपासून होता. तो अगदीच निराधार नव्हता.

जागतिक कराराची गरज नेमकी इथेच लागते. एका देशाने तास कमी केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर पहिल्याचा माल महाग पडतो. सगळ्यांनी एकाच वेळी नियम पाळला तर कोणाचेच नुकसान होत नाही. त्यामुळे नियम हवा होता तो केवळ दयाबुद्धीपोटी नव्हे. स्पर्धेचा तळ किती खाली जाऊ द्यायचा, हे ठरवण्यासाठी तो हवा होता. भारतासाठी हा तळ इतरांपेक्षा खाली ठेवला गेला. तरीही ७२ तासांवरून ६० वर येणे ही लहान गोष्ट नव्हती.

भारताने हा करार १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ मध्ये कारखाना कायदा बदलला. आठवड्याला ६० तास, दिवसाला जास्तीत जास्त ११ तास, मुलांचे किमान वय १२. पण केवळ वॉशिंग्टनच्या कागदामुळे हे झाले, असे म्हणता येणार नाही. १९२० च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांमध्ये मोठा संप झाला होता आणि त्या वर्षी इथे १० तासांचा दिवस आला. आंतरराष्ट्रीय करार आणि गिरणगावातला संप, दोन्ही एकाच दिशेने ढकलत होते.

तिसऱ्या खुर्चीची अडचण काय होती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जोशी कामगारांचे प्रतिनिधी होते, पण त्यांना निवडले कोणी? सरकारने.

व्हर्सायच्या तहात अट होती, की मालक आणि कामगार प्रतिनिधी त्या त्या वर्गाच्या सर्वात प्रातिनिधिक संघटनांच्या सहमतीने नेमावेत. भारतात तेव्हा कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती. सरकारने जोशींची नेमणूक केली आणि संघटनांना विचारले नाही म्हणून त्यावर आक्षेपही घेतले गेले. ते पदवीधर होते, माजी शिक्षक होते, त्यांनी कधी माग चालवला नव्हता. समाजसेवक कामगारांविषयी बोलू शकतो, पण कामगारांच्या वतीने बोलायला तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ‘अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस’ म्हणजे आयटकची स्थापना झाली. लाला लजपत राय पहिले अध्यक्ष होते आणि संस्थापकांमध्ये जोशी होते. ही संघटना उभी राहण्यामागे अनेक कारणे होती. आयएलओला पाठवायचा प्रतिनिधी सुचवण्याचा हक्क कामगारांच्या स्वतःच्या संघटनेकडे असावा, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण. जागतिक टेबलावर एक खुर्ची राखून ठेवली गेली आणि ती भरण्यासाठी देशात संघटना बांधावी लागली, असा हा उलटा प्रवास आहे.

संघटना करणे गुन्हा होता?

थेट गुन्हा नव्हता, पण संरक्षणही नव्हते. मद्रासमध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या वादात बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर कंपनीने नुकसानभरपाईचा दावा केला आणि उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कामगारांना संपाचे आवाहन करणे म्हणजे त्यांना करार मोडायला लावणे, असा त्याचा अर्थ निघत होता. या न्यायाने कोणत्याही कामगार पुढाऱ्याला दिवाळखोर करता आले असते.

जोशी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तीही सरकारी नेमणूकच होती. १९२१ च्या मार्चमध्येच त्यांनी कामगार संघटनांना नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा करावा, असा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९२६ उजाडले. भारतीय कामगार संघटना कायदा तो हाच. पुढची अनेक दशके देशातील प्रत्येक युनियनची नोंदणी याच कायद्याखाली झाली.

प्रत्येक वेळी यश आले नाही. १९२४ मध्ये त्यांनी प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता मिळावा, अशी मागणी होती. ते विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांतात असा कायदा १९२९ मध्ये झाला. रा. स. असवले यांनी तो प्रांतिक कायदेमंडळात आणला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे त्याला पाठिंबा दिला. आज मिळणाऱ्या प्रसूती रजेची मुळे या लढाईत आहेत.

संपाच्या बाजूने की चर्चेच्या?

जोशींवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. मालकांच्या दृष्टीने ते कामगारांना फूस लावणारे, तर डाव्यांच्या दृष्टीने सरकारशी जुळवून घेणारे मवाळ.

१९२६ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन’ काढली. १९२८ मध्ये मुंबईतल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला. त्यात जोशींची युनियन आणि कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचा गट यांनी संयुक्त संप समिती स्थापन केली. चर्चेवर विश्वास असलेला माणूसही संपाच्या समितीत बसला, कारण मागे संप उभा नसेल तर चर्चेत कोणी ऐकून घेत नाही.

पुढच्याच वर्षी ही एकजूट तुटली. ब्रिटिश सरकारने भारतातील कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. सदस्यांत उद्योजक घनश्यामदास बिर्ला आणि सर व्हिक्टर ससून, तर कामगारांच्या बाजूने दिवाण चमनलाल आणि जोशी. पुन्हा तीच रचना. सायमन कमिशनवरील बहिष्कार ताजा होता. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात आयटकने व्हिटली आयोगावरही बहिष्कार टाकला. अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. जोशी आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी यांच्यासह मवाळ गट बाहेर पडला आणि त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला.

कोणाचे बरोबर होते? बहिष्कारवाल्यांचा मुद्दा वजनदार होता. परकीय सत्तेने नेमलेल्या आयोगात बसणे म्हणजे त्या सत्तेला मान्यता देणे. पण १९३१ च्या व्हिटली अहवालातून ठोस गोष्टीही आल्या. १९३४ चा कारखाना कायदा आला, त्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ आणि दिवसाचे १० केले. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला, ज्याने पगार वेळेवर देण्याचे आणि मनमानी दंड न कापण्याचे बंधन मालकांवर घातले. मात्र फुटीची किंमतही मोठी होती. मंदीच्या काळात गिरण्यांनी पगारकपात केली तेव्हा कामगारांची संघटना दुभंगलेली होती.

१९४० मध्ये दोन्ही गट पुन्हा आयटकमध्ये एकत्र आले आणि जोशी सरचिटणीस झाले. १९४७ मध्ये काँग्रेसप्रणीत इंटक वेगळी निघाली. प्रत्येक पक्षाची स्वतःची युनियन, हे आजचे चित्र तिथून ठळक होत गेले. १९४८ मध्ये जोशी आयटकमधून बाहेर पडले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

तास कसे कमी होत गेले? एका नजरेत

- १९११ : कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा. सहा दिवसांचे ७२.
- १९२२ : आठवड्याला ६० तास, दिवसाला ११. मुलांचे किमान वय १२.
- १९३४ : बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास, दिवसाला १०.
- १९४६ : आठवड्याला ४८ तास. डॉ. आंबेडकर केंद्रात मजूर सदस्य असताना हा बदल झाला.
- १९४८ : स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९. मुलांचे किमान वय १४.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये जगासाठी ठरलेले ४८ तास भारतीय कारखान्यात यायला २७ वर्षे लागली. या काळात जोशी २६ वर्षे केंद्रीय कायदेमंडळात होते. आयएलओच्या नियामक मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले. लंडनच्या गोलमेज परिषदांतही ते कामगारांचे प्रतिनिधी होते.

आज याचे काय?

आयएलओचे तिपेडी मॉडेल भारतातही आले. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्रित परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. तीच पुढे ‘भारतीय श्रम परिषद’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची ४६ वी बैठक जुलै २०१५ मध्ये झाली. त्यानंतरची १० वर्षे ती भरलीच नाही. याच काळात २९ कामगार कायदे एकत्र करून चार श्रम संहिता तयार झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या लागूही झाल्या. जोशींच्या ठरावातून आलेला १९२६ चा कायदा या संहितांमध्ये विलीन झालेल्यांपैकी एक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम, त्यापुढे ओव्हरटाइम, असे सरकारचे म्हणणे आहे. उद्योगांना लवचिकता मिळेल, हा त्यामागचा युक्तिवाद. कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. युक्तिवाद कोणाचा पटतो हा वेगळा मुद्दा, पण १२ हा आकडा गिरणगावाला नवा नाही.

तिकडे जिनिव्हात जून २०२५ च्या आयएलओ परिषदेत अॅपवर चालणाऱ्या कामाची, म्हणजे डिलिव्हरी आणि टॅक्सी चालकांच्या कामाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवण्याची चर्चा सुरू झाली. सरकारे आहेत, कंपन्या आहेत. तिसऱ्या खुर्चीवर पुन्हा तोच प्रश्न. ज्याचा मालक म्हणजे एक अॅप आहे, ज्याचे सहकारी रोज बदलतात, त्याच्या वतीने कोण बोलणार?

जोशींच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर सरळ आहे. भागीदारीत खुर्ची दुसऱ्याने दिली तरी चालते. जोशींनाही ती सरकारनेच दिली होती. पण खुर्चीवरच्या माणसाच्या मागे त्याला जाब विचारू शकणारी आणि वेळ पडल्यास काम बंद करू शकणारी संघटना नसेल, तर तो पाहुणा असतो, भागीदार नसतो. जोशींनी पाहुणा म्हणून सुरुवात केली आणि पुढची जवळपास ३० वर्षे ती संघटना बांधण्यात आणि तुटली की पुन्हा जोडण्यात घालवली.

ना. म. जोशी मार्गावर आज गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत. दुपारी त्यांच्या दारात पाठीवर चौकोनी बॅगा घेतलेली मुले फोनकडे पाहत उभी असतात. पुढच्या ऑर्डरची वाट पाहत. त्यांच्यापैकी अनेकांचा दिवस १२ तासांचा आहे.